39 तास 12 मिनिटं : पॅट्रिक केनेडीचा श्वास आणि पृष्ठताण

7 ऑगस्ट 1963 रोजी दुपारी एक वाजायच्या जरा आधी, अमेरिकेतल्या केप कॉड भागात, ओटिस हवाई तळावरच्या रुग्णालयात पॅट्रिक बूव्हिए केनेडी जन्माला आला. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी आणि जॅकलिन केनेडी यांचा हा मुलगा. दिवस भरायला साडेपाच आठवडे बाकी होते. सिझेरियन तातडीनं करावं लागलं. वजन भरलं 2.1 किलो. आज एखाद्या चांगल्या नवजात कक्षात एवढ्या वजनाचं बाळ आलं तर कुणाच्या छातीत धस्स होत नाही. त्या दिवशी मात्र जन्मानंतर थोड्याच वेळात बाळाला धाप लागली. त्याला रुग्णवाहिकेनं बॉस्टनच्या बाल रुग्णालयात नेलं, पुढे पोलादी उच्चदाब कक्षात ठेवून प्राणवायू दिला. 9 ऑगस्टला पहाटे चारच्या ठोक्यानंतर काही मिनिटांत ते गेलं. सगळं आयुष्य 39 तास 12 मिनिटांचं.

निदान होतं हायलिन मेम्ब्रेन डिसीज. आज डॉक्टर त्याला आरडीएस म्हणतात, नवजातांचा श्वसनत्रास.

मी डॉक्टर नाही, फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतो. बारीक नळ्यांतून मागेपुढे होणारा प्रवाह आणि त्यात पृष्ठताणाचा वाटा हा धडा आला की मी दरवर्षी हेच प्रकरण फळ्यावर मांडतो. एक तर त्यातले बहुतेक आकडे कागद-पेन्सिलीनं काढता येतात. दुसरं म्हणजे, पृष्ठताण हा दवबिंदू आणि पाण्यावर चालणाऱ्या कीटकांपुरता गोंडस विषय आहे असं मुलांना वाटत असतं. तो एका बाळाचा जीव कसा घेतो हे एकदा नीट समजलं की त्यांची बसण्याची पद्धत बदलते.

बाळाच्या छातीत काय चाललं होतं

आपली श्वासनलिका छातीत उतरली की तिला फाटे फुटत जातात, फाट्यांना पुन्हा फाटे, असं वीसहून अधिक वेळा. नवजात बाळात शेवटच्या फाट्यांची त्रिज्या साधारण एक दशांश मिलिमीटर धरता येते. त्यांच्या टोकाला असलेल्या हवेच्या पिशव्यांची त्रिज्या 50 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पिशवीची रुंदी केसाच्या जाडीहून थोडीच जास्त. या सगळ्याला आतून द्रवाचा पातळ थर असतो. हवा आणि द्रव जिथे भेटतात तिथे पृष्ठताण आलाच.

प्रवाह इथे सरळ एका दिशेनं वाहत नाही. आत, बाहेर, आत, बाहेर. निरोगी नवजात मिनिटाला 40 ते 60 वेळा श्वास घेतं, आजारी बाळ त्याहून भराभर. स्पंदित प्रवाह म्हटलं की विद्यार्थी लगेच जडत्वाचा विचार करतात: हवा ढकलली, ती थांबायला वेळ लागणार. धमनीतल्या रक्ताला ते लागू आहे. इथे नाही. त्रिज्या 0.1 मिलिमीटर आणि सेकंदाला एक श्वास धरून वोमर्सली अंक (चिकटपणाच्या तुलनेत जडत्व किती, हे सांगणारा) काढला तर तो 0.06 च्या जवळ येतो. याचा अर्थ जडत्वाला इथे काही स्थानच नाही, दाब बदलला की हवा त्याच क्षणी ऐकते. गुरुत्वाकर्षणाची तीच गत. बॉन्ड अंक (पृष्ठताणाच्या तुलनेत वजन किती, हे सांगणारा) काढा, तो हजारात दोनच्या घरात येतो. या नळीत द्रव खाली ओघळून तळाशी साचत नाही, तो चारही बाजूंनी सारखा चिकटून बसतो. जडत्व गेलं, वजन गेलं. उरले दोघेच, चिकटपणा आणि पृष्ठताण, आणि श्वासाच्या शेवटी चिकटपणाही गप्प होतो, कारण तिथे प्रवाहच थांबलेला असतो.

म्हणून या आजाराकडे पाहताना सगळं लक्ष एका क्षणावर ठेवायला हवं: श्वास सोडून झालाय आणि पुढचा अजून सुरू झालेला नाही, तो क्षण. श्वास घेण्याची धडपड डोळ्यांना दिसते, म्हणून आपण तिकडे बघत राहतो. बाळाचं नशीब ठरतं ते उच्छ्वासाच्या टोकाला.

हिशोब सोपा आहे. गोल पिशवी उघडी ठेवायला लागणारा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. लाप्लासचं हे सूत्र बारावीच्या पुस्तकातही असतं. शरीराच्या तापमानाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला 70 मिलिन्यूटन असतो. त्रिज्या 50 मायक्रॉन घातली की उत्तर येतं 2800 पास्कल, म्हणजे सुमारे 28 सेंमी पाण्याचा दाब. फुप्फुसातला द्रव काही शुद्ध पाणी नव्हे. त्यात प्रथिनं असतात, त्यामुळे पृष्ठताण 50 धरू. तरी दाब 20 सेंमी येतोच. निरोगी बाळ नेहमीचा श्वास पाचएक सेंमीच्या फरकावर घेतं. म्हणजे गरज चौपट, आणि तीही मिनिटाला साठ वेळा.

वाईट भाग यापुढे आहे. श्वास सोडताना पिशवी आकसते, त्रिज्या 50 वरून 40 होते. त्रिज्या छेदात आहे, म्हणून लागणारा दाब 20 वरून 25 सेंमीवर जातो. दाब कमी पडला म्हणून पिशवी आकसली, आणि आकसल्यामुळे तिला आणखी दाब हवा झाला. या रस्त्यावर मध्ये थांबा नाही, पिशवी मिटूनच जाते.

भाजीवाल्याकडच्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड पावसाळ्यात ओलं झालं की ते बोटांनी उघडता उघडत नाही, हा अनुभव सगळ्यांना आहे. दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये पाण्याचा एक पदर. तो पदर पिशवीला धरून ठेवतो. पॅट्रिकच्या छातीत अशा लाखो पिशव्या होत्या आणि त्या उघडायला बोटं नव्हती. होता फक्त एक कोवळा श्वासपटल आणि कूर्चेसारख्या मऊ बरगड्या. श्वासपटल जोर लावून खाली ओढलं की पिशव्या उघडायच्या ऐवजी बरगड्याच आत ओढल्या जात. आरडीएसच्या बाळाच्या छातीवर प्रत्येक श्वासाला जे खड्डे पडतात ते याचे. मिनिटाला साठ श्वास धरले तरी 39 तासांत 1 लाख 40 हजार वेळा त्यानं हा जोर लावला.

नळी मिटते कशी

पाठ्यपुस्तकात बहुधा दोन जोडलेल्या फुग्यांचं चित्र असतं: लहान फुगा मोठ्यात रिकामा होतो. चित्र चुकीचं नाही, पण मला ते अपुरं वाटतं. खऱ्या फुप्फुसात पिशव्या सुट्या नसतात, त्यांच्या भिंती सामाईक असतात. एक मिटायला लागली की शेजारच्या तिला ओढून धरतात. खरी कोंडी बऱ्याचदा पिशवीत नव्हे, तिच्याकडे जाणाऱ्या बारीक नळीत होते.

नळीच्या आतला द्रवाचा थर वरकरणी शांत दिसतो, पण तो अस्थिर असतो. नळातून पडणारी पाण्याची बारीक धार जशी तुटून थेंब होते, तसंच नळीच्या आतल्या थराचं होतं. पृष्ठभाग कमीत कमी करायचा हा पृष्ठताणाचा स्वभाव. थर जागोजागी गोळा होऊन कडी बनते. द्रव कमी असेल तर गोष्ट कडीवर थांबते. थराची जाडी त्रिज्येच्या सुमारे 12 टक्क्यांच्या पुढे गेली की कडी मधोमध मिटते आणि नळीत द्रवाचा बूच बसतो. एक दशांश मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत हे 12 टक्के म्हणजे 12 मायक्रॉन.

आता पॅट्रिकची परिस्थिती आठवा. पोटात असताना बाळाची फुप्फुसं द्रवानंच भरलेली असतात, दिवस भरलेल्या बाळात किलोमागे 25 ते 30 मिलिलिटर. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या की संप्रेरकांच्या इशाऱ्यावर फुप्फुसाच्या पेशी द्रव तयार करणं सोडून शोषायला लागतात. कळा पुरेशा यायच्या आधी सिझेरियन झालं तर हा बदल अर्धवट राहतो आणि नळ्यांत द्रव जास्त उरतो. वेळेआधी जन्म, सिझेरियन आणि मुलगा असणं, या आजाराचा धोका वाढवणाऱ्या तिन्ही गोष्टी त्याच्या वाट्याला आल्या होत्या. मुलग्यांची फुप्फुसं मुलींच्या तुलनेत थोडी उशिरा तयार होतात.

उच्छ्वासात नळी अरुंद होते, थर जाड होतो, बूच बसतो. पुढच्या श्वासात हवा बुचाला आत ढकलते. बूच सरकताना मागे भिंतीवर द्रवाचा पदर सोडत जातो आणि स्वतः आखूड होत जातो. शेवटी इतका पातळ होतो की फुटतो, आणि मगच हवा पुढे जाते. डॉक्टर स्टेथोस्कोपमधून जो बारीक चुरचुर आवाज ऐकतात, त्यात असे असंख्य बूच फुटण्याचा वाटा असतो. उच्छ्वास झाला की पुन्हा तेच.

सरकणाऱ्या हवेच्या टोकाशी, काही मायक्रॉनच्या पट्ट्यात, दाब एकदम चढतो. तो पट्टा भिंतीवरच्या पेशींवरून जातो तेव्हा एकाच पेशीच्या एका टोकाला एक दाब आणि दुसऱ्या टोकाला दुसराच असतो. टुलेन विद्यापीठात डोनाल्ड गेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये पेशींचा थर लावलेल्या अरुंद मार्गातून हवेचा बुडबुडा सरकवून हे तपासलं. अपेक्षा अशी की वेगानं गेलेला बुडबुडा जास्त नुकसान करेल. निघालं उलट: संथ बुडबुडा जास्त पेशी मारतो, कारण त्याच्या मागे राहणारा पदर पातळ असतो आणि दाबाचा चढ आणखी उभा. बुडबुड्यापुढच्या द्रवात सर्फॅक्टंट, म्हणजे निरोगी फुप्फुस स्वतः बनवतं ते पृष्ठताण कमी करणारं द्रव्य, घातल्यावर पेशी वाचल्या. 2007 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या गटानं, ज्यात डोंगयून हुह, शुइची ताकायामा आणि जेम्स ग्रॉटबर्ग होते, सूक्ष्म वाहिन्यांच्या चिपमध्ये श्वासनलिकेच्या पेशी वाढवल्या आणि त्यांवरून द्रवाचे बूच सरकवून फोडले. फुटण्याचा आवाज नोंदवता आला आणि पेशी जखमी झालेल्या दिसल्या. पॅट्रिकच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी त्याच्या छातीतली ती घटना काचेखाली पाहता आली.

जखमी पेशींमधून रक्तातली प्रथिनं नळीत झिरपतात आणि फायब्रिन या प्रथिनाचा काचेसारखा पापुद्रा बनतो. शवविच्छेदनात गुलाबी दिसणारं हेच ते हायलिन मेम्ब्रेन. आजाराला नाव मिळालं त्याच्या परिणामावरून. इतकंच नव्हे, तर ही प्रथिनं फुप्फुसात असलेल्या थोड्याथोडक्या सर्फॅक्टंटलाही निकामी करतात.

प्राणवायू भरपूर, पण भिंतीच्या दोन्ही बाजूंना

उच्चदाब कक्षाबद्दल विद्यार्थी दरवर्षी एकच प्रश्न विचारतात आणि तो अगदी योग्य आहे. पिशव्या उघडायला दाब कमी पडत होता आणि बाळ तर दाबाच्या कक्षातच होतं, मग?

समजा कक्षात एक वातावरण जादा दाब दिला. तो भरतो सुमारे 1000 सेंमी पाण्याइतका. लागत होते 20. पण कक्षातला दाब बाळाच्या नाकातून आत जातो तसाच त्याच्या छातीवर बाहेरूनही बसतो. पिशवीच्या भिंतीच्या आत 1000 वाढले, बाहेरही 1000 वाढले. फरक शून्य. पृष्ठताणाला हवा असतो तो फरक. कक्षामुळे रक्तात थोडा जादा प्राणवायू विरघळतो हे खरं, आणि त्या वेळी हाताशी असलेल्या साधनांत तो प्रयत्न करणं समजण्यासारखं होतं. डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. पण मिटलेल्या नळीच्या पलीकडे हवा पोहोचवणं कक्षाच्या हातात नव्हतं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त चटका लावते ती गोष्ट वेगळी आहे. आजाराचं कारण तोवर छापून आलं होतं, तेही बॉस्टनमधूनच, चार वर्षांपूर्वी. मेरी एलेन एव्हरी तेव्हा हार्वर्डमध्ये जेरी मीड यांच्या प्रयोगशाळेत काम करत होत्या. या आजारानं गेलेल्या बाळांच्या फुप्फुसांत फेस सापडत नाही, हे त्यांनी टिपलं. फेस टिकायला पृष्ठताण कमी लागतो. त्याच सुमारास मेरीलँडमध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत जॉन क्लेमेंट्स फुप्फुसाच्या अर्काचा पापुद्रा पाण्यावर पसरून तो आडव्या पट्टीनं दाबत होते. दाबला की पृष्ठताण चाळिशीच्या घरातून 10 च्या आसपास उतरायचा, पट्टी मागे घेतली की पुन्हा चढायचा. एव्हरींनी ते उपकरण जाऊन पाहिलं, बॉस्टनला परत येऊन बाळांच्या फुप्फुसांचे अर्क तसेच तपासले. आजारानं गेलेल्या बाळांच्या अर्कात पृष्ठताण पुरेसा उतरत नव्हता. 1959 मध्ये एव्हरी आणि मीड यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्याच्याही तीस वर्षं आधी, 1929 मध्ये, कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी डुकराची फुप्फुसं एकदा हवेनं आणि एकदा द्रवानं भरून पाहिली होती. द्रवानं भरताना हवा-द्रव सीमाच राहत नाही, म्हणून पृष्ठताण गायब. दाब कितीतरी कमी लागला. फुप्फुस आकसण्याच्या जोरातला दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग पृष्ठताणाचा आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं. नवजातांच्या पहिल्या श्वासाशी याचा संबंध असेल, हेही सुचवलं. तो जर्मन निबंध पंचवीसेक वर्षं कुणी उघडला नाही. 1955 मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड पॅटल यांनी फुप्फुसातल्या फेसाचे बुडबुडे तासन् तास कसे टिकतात याचा छडा लावला तेव्हा धागा पुन्हा हाती आला.

म्हणजे 1963 मध्ये कारण माहीत होतं, उपाय माहीत नव्हता. या मृत्यूची बातमी जगभर गेली आणि नवजातांच्या फुप्फुसांवरच्या संशोधनाकडे लक्ष आणि पैसा दोन्ही वळले.

दर श्वासाला बदलणारा पृष्ठताण

निरोगी फुप्फुसात सर्फॅक्टंट फक्त पृष्ठताण कमी करत नाही. साबणही तो कमी करतो, पण साबणानं भागलं नसतं. लागतं ते असं: पिशवी आकसेल तसा पृष्ठताण त्रिज्येहून जास्त वेगानं उतरला पाहिजे. त्रिज्या 10 टक्क्यांनी घटली तर पृष्ठताण 10 टक्क्यांहून जास्त घटायला हवा, तरच लागणारा दाब वाढायच्या ऐवजी कमी होईल आणि ते मिटत जाणं थांबेल. सर्फॅक्टंटचे रेणू पृष्ठभागावर दाटीवाटीनं उभे असतात. श्वास सोडताना क्षेत्रफळ घटतं, दाटी वाढते, पृष्ठताण 5 च्या खाली, जवळजवळ शून्यापर्यंत जातो. मघाच्या हिशोबात 70 च्या जागी 5 घालून बघा: 28 सेंमीच्या जागी 2 सेंमी उरतात. श्वास घेताना रेणू विरळ होतात आणि पृष्ठताण पुन्हा चढतो. जिथे आधार सगळ्यात जास्त हवा, तिथेच तो सगळ्यात जास्त मिळतो.

बाळाच्या फुप्फुसातल्या ठरावीक पेशी हे द्रव्य साधारण 24 व्या आठवड्यापासून बनवायला लागतात आणि 35 व्या आठवड्याच्या सुमारास ते पुरेसं होतं. पॅट्रिक साडेचौतीस आठवड्यांचा होता. काही दिवसांचं अंतर.

हे द्रव्य मोजायलाही स्पंदनच लागतं. स्थिर तबकात पृष्ठताण मोजून काही कळत नाही. योरान एनहॉर्निंग यांनी 1977 मध्ये यासाठी एक सुंदर उपकरण मांडलं: नमुन्यात बुडवलेल्या केशनळीच्या टोकाला एक छोटा बुडबुडा, त्याची त्रिज्या मिनिटाला वीस वेळा 0.4 आणि 0.55 मिलिमीटरमध्ये मागेपुढे होते आणि प्रत्येक क्षणी दाब मोजला जातो. एक बुडबुडा, एक पिशवी. चांगला सर्फॅक्टंट असेल तर बुडबुडा लहानात लहान असताना दाबाचा फरक जवळपास नाहीसा होतो.

या स्पंदनाचा विसर पडला म्हणून पहिले प्रयत्न फसले असं मी वर्गात सांगतो. पॅट्रिकनंतरच्या काही वर्षांत डॉक्टरांनी सर्फॅक्टंटचा मुख्य घटक, डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन, शुद्ध स्वरूपात फवाऱ्यानं बाळांना देऊन पाहिला. 1967 मध्ये सिंगापूरमधल्या बाळांवर केलेल्या कामाचे निष्कर्ष आले, त्यात जॉन क्लेमेंट्सही होते. फायदा दिसला नाही. दाबलं की पृष्ठताण शून्याजवळ नेणारा रेणू तोच, मग बिनसलं कुठे? हा पदार्थ मऊ होतो 41 अंश सेल्सियसला. शरीर 37 अंशांवर असतं. तिथे तो थिजलेल्या तुपासारखा वागतो, पृष्ठभागावर हवा तसा झपाट्यानं पसरत नाही. बाळाच्या श्वासाला एक सेकंद लागतो, पसरायचं काम त्याच्याही एका अंशात उरकायला हवं. खऱ्या सर्फॅक्टंटमध्ये ते काम इतर स्निग्ध रेणू आणि दोन छोटी प्रथिनं करतात, त्यांना एसपी-बी आणि एसपी-सी म्हणतात. शून्याजवळ नेणारा रेणू आणि त्याला वेळेत जागेवर पोहोचवणारी प्रथिनं, दोन्ही एकत्र असल्याशिवाय भागत नाही.

1972 मध्ये एनहॉर्निंग आणि बेंगट रॉबर्टसन यांनी वेळेआधी जन्मलेल्या सशाच्या पिलांना पूर्ण सर्फॅक्टंट थेट श्वासनलिकेत दिला आणि पिलांची फुप्फुसं उघडली. 1980 मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून तयार केलेला सर्फॅक्टंट दहा बाळांना दिल्याचं लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. काही तासांत छातीचे एक्स-रे पांढऱ्याचे काळे व्हायला लागले, म्हणजे हवा आत शिरली. 1990 मध्ये अमेरिकेत पहिल्या सर्फॅक्टंट औषधाला मान्यता मिळाली. गाईच्या फुप्फुसापासून बनणाऱ्या एका प्रचलित औषधाची मात्रा किलोला 4 मिलिलिटर असते. पॅट्रिकच्या वजनाला ती झाली असती 8.4 मिलिलिटर. दीड-पावणेदोन चमचे.

दरम्यान न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये दाखवलं की वेळेआधी प्रसूती होणार असं दिसताच आईला बीटामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाच्या फुप्फुसाची तयारी लवकर होते. लिगिन्स मेंढ्यांवर वेगळ्याच प्रश्नाचा शोध घेत होते, तेव्हा एक कोकरू जगू नये इतक्या लवकर जन्मून श्वास घेत असलेलं त्यांना दिसलं. तिथून हे सुरू झालं. पृष्ठताणावरचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा.

कण्हणं

आरडीएसचं बाळ कण्हतं. प्रत्येक उच्छ्वासाला एक छोटा, अडकलेला "अं" आवाज. आजीबाई त्याला बाळ कुंथतंय म्हणतात. यात वेदनेपेक्षा यंत्रणा जास्त आहे. बाळ श्वास सोडताना स्वरयंत्राची फट अर्धवट बंद करतं, हवा रोखून धरतं, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात थोडा दाब शिल्लक राहतो आणि पिशव्या मिटत नाहीत. पुस्तक न वाचलेलं, काही मिनिटांचं आयुष्य असलेलं बाळ लाप्लासच्या सूत्रावर नेमका हाच उपाय शोधतं.

जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये हेच काम बाळाच्या वतीनं केलं. श्वास बाळ स्वतःच घेणार, फक्त वायुमार्गातला दाब कधीही शून्यावर येऊ द्यायचा नाही. वीस बाळांपैकी सोळा जगली. याला सीपॅप म्हणतात. दाब लागतो पाच-सहा सेंमी. इथे एक शंका येते: उघडायला वीस लागतात तर पाचानं काय होणार? मिटलेली पिशवी उघडणं आणि उघडलेली मिटू न देणं यात हा फरक आहे. उघड्या पिशवीची त्रिज्या मोठी असते, तिला धरून ठेवायला कमी दाब पुरतो. फुगा फुगवताना पहिली फुंकर जड जाते, पुढच्या हलक्या. सीपॅप बाळाला दर श्वासाला पहिली फुंकर मारायला लावत नाही. आणि कक्षातल्या 1000 सेंमींनी जे साधलं नाही ते पाच सेंमींनी साधतं, कारण हे पाच सेंमी फक्त आतल्या बाजूला असतात.

आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांच्या नवजात काळजी कक्षांत, म्हणजे एसएनसीयूत, सीपॅपचा सर्वांत साधा प्रकार पाहायला मिळतो, बबल सीपॅप. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ हललो नाही. बाळाच्या नाकात दोन मऊ नळ्या. एका बाजूनं दमट, गरम केलेली हवा आणि प्राणवायू येतो. दुसऱ्या बाजूची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. नळीचं टोक पाण्याखाली जितके सेंमी तितका दाब. बाटलीवर आकडे छापलेले, सिस्टरनी टोक 5 वर ठेवलेलं. बाकी यंत्र काही नाही.

त्या बाटलीत बुडबुडे फुटत होते, बुडबुड, बुडबुड. नळीच्या टोकाला बुडबुडा वाढतो, पृष्ठताण त्याला नळीच्या काठाशी धरून ठेवतो, मग तो सुटतो आणि पाणी नळीत थोडं आत शिरतं. त्यामुळे नळीतला दाब पाचावर स्थिर राहत नाही, पाचाच्या वर-खाली सतत थरथरतो. ती थरथर उलट्या वाटेनं बाळाच्या छातीपर्यंत जाते. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीचं हे कंपन सेकंदाला 15 ते 30 वेळा असल्याचं नोंदवलंय. अडलेल्या नळ्या उघडायला अशी बारीक थरथर मदत करते, असं मानायला भौतिकशास्त्रात जागा आहे. बूच एकदम जोरानं ढकलण्यापेक्षा लहान लहान धक्क्यांनी पातळ करत फोडणं सोपं. माझा स्वतःचा कल या बाजूला आहे, पण बाळाला वाचवण्यात मोठा वाटा त्या पाच सेंमींचाच.

बाहेर जाणाऱ्या नळीत दमट हवेतली वाफ थंड होऊन तिचं पाणी साचत होतं. नळीच्या खोलगट भागात त्याचा चमचाभर बूच झाला होता, बाळाच्या श्वासाबरोबर मागेपुढे हलणारा. असा बूच बसला की बाटलीवर 5 दिसत असले तरी बाळाच्या नाकाशी दाब त्याहून जास्त असतो. सिस्टरनी बोलता बोलता नळी उचलली, पाणी बाटलीच्या बाजूला ओघळू दिलं, नळी पुन्हा खाली ठेवली, आणि बुडबुडे मोजायला वाकल्या.